एल्फिन्स्टन घराण्यातील ‘लॉर्ड’ नेमका कोण? वंशावळ आणि किताबाचा वारसा

प्रश्न असा आहे : मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि त्यांच्यानंतर पाव शतकाने त्याच पदावर आलेले लॉर्ड एल्फिन्स्टन ही एकच व्यक्ती होती का; नसल्यास दोघांचे नाते काय; माउंटस्टुअर्ट हे लॉर्डांचे पुत्र असूनही त्यांना स्वतःला लॉर्ड हा किताब का मिळाला नाही; आणि १८६० साली दुसरे गव्हर्नर अविवाहित वारले तेव्हा तो किताब कोणाकडे आणि कोणत्या नियमाने गेला?

थोडक्यात उत्तर द्यायचे तर ते दोघे वेगळे होते आणि त्यांचे नाते काका-पुतण्याचे होते. माउंटस्टुअर्ट हे ११व्या लॉर्ड एल्फिन्स्टनांचे चौथे पुत्र. १८५३ ते १८६० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले जॉन हे १३वे लॉर्ड, म्हणजे माउंटस्टुअर्टांच्या थोरल्या भावाचे पुत्र. चौथ्या पुत्राकडे किताब जायचा तर तिन्ही थोरल्या भावांच्या पुरुषशाखा संपाव्या लागतात, आणि त्यांच्या हयातीत त्या संपल्या नव्हत्या. मात्र इतके सांगून थांबलो तर प्रश्नाचा गाभा तसाच राहतो. स्कॉटिश किताब कोणाकडे जातो हे व्यक्तीच्या कर्तृत्वावर ठरत नाही आणि मृताशी कोण किती जवळचा आहे यावरही ठरत नाही. किताब मुळात कोणत्या वंशक्रमासाठी दिला गेला आणि त्या क्रमात कोणती शाखा हयात आहे, या दोनच गोष्टींवर ते ठरते. एल्फिन्स्टन घराण्याची वंशावळ हा नियम इतक्या बाजूंनी दाखवते की तो समजून घेण्यासाठी मी अभ्यासकांना प्रथम हेच घराणे उघडायला सांगतो.

घराण्याचे नाव एडिंबराच्या पूर्वेला, ईस्ट लोदियनमधील ट्रॅनेंट गावाजवळच्या एल्फिन्स्टन या जमिनीवरून आले. पुढे जे लॉर्ड झाले त्यांच्याकडे मात्र ही मूळ जमीन राहिली नव्हती, आणि तिथेच वारशाचा पहिला धडा आहे. १४३५ साली पायपरडेनच्या लढाईत घराण्याचे प्रमुख मारले गेले. मागे ॲग्नेस ही मुलगी आणि हेन्री हा भाऊ होता. मुलगी ही सरळ रक्ताची वारस, तर भाऊ हा पुरुषवंशाचा वारस. दोघांत दीर्घकाळ वाद चालला आणि शेवटी वाटणी झाली. मूळ एल्फिन्स्टन ॲग्नेसकडे, म्हणजे तिच्या विवाहामुळे जॉन्स्टन घराण्याकडे गेले, आणि हेन्री यांच्या वाट्याला पश्चिमेकडील जमीन आली. स्टर्लिंगजवळच्या एअर्थ परिसरात या शाखेने आपल्या वास्तव्याला पुन्हा एल्फिन्स्टन हेच नाव दिले. जुन्या कागदात ‘एल्फिन्स्टनचे अमुक’ असे आढळले की तो माणूस दोन एल्फिन्स्टनांपैकी कोणत्या ठिकाणचा, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. सरळ वारस आणि पुरुषवारस यांच्यातला हा भेद स्कॉटलंडच्या प्रत्येक मोठ्या किताबाच्या वादात पुन्हा पुन्हा समोर येतो.

हेन्री यांच्या वंशातले अलेक्झांडर एल्फिन्स्टन यांना चौथ्या जेम्स राजाने जानेवारी १५१० मध्ये लॉर्ड केले. काही ग्रंथांत हे वर्ष १५०९ असे दिलेले आढळते. दोन्ही बरोबर आहेत, कारण १६००पर्यंत स्कॉटलंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे आणि जानेवारी महिना त्या हिशेबाने मागच्या वर्षात पडत असे. हा किताब ‘लॉर्ड ऑफ पार्लमेंट’ या दर्जाचा, म्हणजे स्कॉटिश सरदारवर्गातील सर्वांत खालच्या पायरीचा; त्यावर चढत्या क्रमाने व्हायकाउंट, अर्ल, मार्क्विस आणि ड्यूक. इंग्लंडमध्ये त्याच पायरीला बॅरन म्हणतात. स्कॉटलंडमध्ये मात्र बॅरन हा जमिनीशी जोडलेला वेगळाच हक्क होता आणि त्याने कोणी लॉर्ड होत नसे, म्हणून ही दोन पदे एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

पहिले लॉर्ड ९ सप्टेंबर १५१३ रोजी फ्लॉडनच्या रणांगणावर आपल्या राजाबरोबर पडले. त्यांचे पुत्र, दुसरे लॉर्ड, १० सप्टेंबर १५४७ रोजी पिंकीच्या लढाईत मारले गेले. सलग दोन पिढ्यांत कर्ता पुरुष रणात गेल्यावरही किताब खंडित झाला नाही, कारण दोन्ही वेळा पुत्र हयात होता. या टप्प्यावर वंशावळ लिहिणाऱ्याला फारसे कष्ट पडत नाहीत. कष्ट सुरू होतात ते पुत्र नसतो तेव्हा.

सोळाव्या शतकाच्या आरंभी लॉर्डपद देताना वंशक्रम स्पष्ट सांगणारी लेखी सनद देण्याची रीत रुळलेली नव्हती. मग असा किताब मुलीकडे जाऊ शकतो की केवळ पुरुषवंशजाकडे? या प्रश्नावर अठराव्या शतकात लंडनच्या लॉर्ड्स सभागृहासमोर मोठे वाद झाले. १७६२ साली कॅसिलिसच्या अर्लपदाचा निकाल पुरुषवारसाच्या बाजूने लागला. त्यातून पुढे आलेले आणि लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व असे की, सनद सापडत नसेल तर किताब पहिल्या धारकाच्या औरस पुरुषवंशजांसाठी आहे असे गृहीत धरावे आणि विरुद्ध पुरावा आला तरच ते गृहीत सोडावे. १७७१ साली सदरलंडच्या अर्लपदाच्या वादात तसा पुरावा आला आणि एका लहान मुलीचा हक्क मान्य झाला, कारण तो किताब पूर्वी एकदा स्त्रीच्या द्वारे गेल्याचे दाखवता आले. हे गृहीत ऐतिहासिक दृष्ट्या सर्वत्र खरे होते असे मला वाटत नाही; पंधराव्या शतकातील कितीतरी किताब जमिनीबरोबर मुलींकडून गेलेले दिसतात. तरीही कायदा म्हणून तेच चालते, आणि वंशावळ लिहिणाऱ्याने आपले मत आणि कायदेशीर स्थिती या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्याच पाहिजेत.

एल्फिन्स्टन घराण्यात ही कसोटी सतराव्या शतकातच लागली होती. पाचव्या लॉर्डांना पुत्र नव्हता, लिलियस ही मुलगी होती. किताब तिच्याकडे न जाता पाचव्या लॉर्डांच्या पुतण्याकडे, म्हणजे सहाव्या लॉर्डांकडे गेला. या पुतण्याचा विवाह लिलियसशीच झाला होता. त्यामुळे पुढच्या पिढीत सरळ रक्ताचा हक्क आणि पुरुषवंशाचा हक्क हे दोन्ही एकाच मुलात एकत्र आले आणि भविष्यातील वादाचे मूळच नाहीसे झाले. स्कॉटिश घराण्यांत चुलत भावंडांचे असे विवाह दिसले की त्यामागे बहुतेक वेळा हीच दूरदृष्टी असते. १४३५ नंतर ॲग्नेस आणि हेन्री यांच्या बाबतीत जे दुभंगले होते ते येथे जोडून ठेवले गेले. सहाव्या लॉर्डांचे दोन पुत्र एकामागून एक सातवे आणि आठवे लॉर्ड झाले.

किताब आणि जमीन वेगवेगळ्या वाटांनी जातात हेही याच काळात दिसते. ॲबर्डीनशायरमधील किल्ड्रमी हा मारच्या अर्लांचा जुना किल्ला चौथ्या जेम्सने एल्फिन्स्टनांना दिला होता. शंभराहून अधिक वर्षांनी मारच्या अर्लांनी न्यायालयात दावा लावून १६२६ साली तो परत मिळवला. घराण्याच्या वैभवाला त्याने मोठा धक्का बसला, पण लॉर्डपदाला ओरखडाही उठला नाही. उलट दिशेनेही हेच खरे आहे : एखाद्याकडे वाडा आणि शेती पूर्ण आली म्हणून किताब आला असे कधीही समजू नये.

चौथ्या लॉर्डांचे धाकटे भाऊ जेम्स यांना १६०६ साली लॉर्ड बाल्मेरिनो हा स्वतंत्र किताब मिळाला. येथून एक उपशाखा निघते आणि तिचा शेवट फार दुःखद आहे. पोपला राजाच्या नावे गेलेल्या एका पत्राच्या प्रकरणात १६०९ साली पहिल्या बाल्मेरिनोंना देहदंड सुनावला गेला. तो अमलात आला नाही, पण किताब जप्त झाला आणि तो १६१३ साली त्यांच्या पुत्राला परत मिळाला. पुढे जानेवारी १७४६ मध्ये पाचवे लॉर्ड बाल्मेरिनो वारले, तेव्हा त्यांचे भाऊ आर्थर हे प्रिन्स चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट यांच्या बंडखोर सैन्यात होते. ते सहावे लॉर्ड झाले, काही महिन्यांत पकडले गेले आणि १८ ऑगस्ट १७४६ रोजी लंडनच्या टॉवर हिलवर त्यांचा शिरच्छेद झाला. राजद्रोहाच्या दोषारोपाने किताब जप्त होतो तेव्हा तो वारसाकडे न जाता थेट राजसत्तेकडे बुडतो, आणि संसदेने किंवा राजाने परत दिल्याशिवाय उभा राहत नाही. पण बाल्मेरिनोंच्या दोषाचा मुख्य एल्फिन्स्टन शाखेवर काही परिणाम झाला नाही. प्रत्येक किताब स्वतंत्र असतो आणि भावकीतल्या एका शाखेचा अपराध दुसऱ्या शाखेच्या हक्काला लागत नाही.

आता आपल्या प्रश्नातील माणसांकडे येतो. दहाव्या लॉर्डांचा विवाह क्लेमेंटिना फ्लेमिंग यांच्याशी झाला. त्या विगटनच्या अर्लांच्या वारस होत्या आणि त्यांची आई अर्ल मारिशल हे पद असलेल्या कीथ घराण्यातील होती. विगटनचे अर्लपद पुरुषवारसाअभावी १७४७ नंतर चालले नाही, पण कंबरनॉल्ड आणि बिगर येथील जमीन क्लेमेंटिना यांच्याकडे आली. या जोडप्याच्या मुलांपैकी तिघे लक्षात ठेवावेत. जॉन हे ११वे लॉर्ड झाले. विल्यम हे ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक झाले. जॉर्ज कीथ हे नौदलात ॲडमिरल आणि पुढे व्हायकाउंट कीथ झाले. माउंटस्टुअर्ट सोळाव्या वर्षी, १७९६ साली, कंपनीच्या चाकरीत कलकत्त्याला आले त्यामागे घराण्याची ही कंपनीतली बाजू आहे.

विल्यम यांचे पुत्र म्हणजे जनरल विल्यम जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन, ज्यांच्या हाताखालील सैन्य जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना नष्ट झाले आणि जे त्याच वर्षी अफगाणांच्या कैदेत वारले. ते माउंटस्टुअर्टांचे सख्खे चुलतभाऊ. माउंटस्टुअर्ट स्वतः १८०८-०९ मध्ये पेशावरला शाह शुजाच्या दरबारी वकील म्हणून गेले होते आणि काबूलच्या राज्यावर त्यांनी ग्रंथही लिहिला. त्यामुळे ‘अफगाणिस्तानातले एल्फिन्स्टन’ म्हणून या दोघांचीही गल्लत मराठी लेखनात होते. जनरल हेदेखील कधीही लॉर्ड नव्हते.

११व्या लॉर्डांना चार पुत्र : जॉन, चार्ल्स, जेम्स आणि माउंटस्टुअर्ट. वडील १७९४ साली वारले आणि जॉन १२वे लॉर्ड झाले. १८१३ साली तेही वारले. त्या वेळी माउंटस्टुअर्ट पुण्यात रेसिडेंट होते, पेशवे दुसरे बाजीराव यांच्या दरबाराशी त्यांचा रोजचा व्यवहार होता, आणि त्यांच्या कर्तबगारीबद्दल कंपनीत दुमत नव्हते. तरीही किताब गेला तो १२व्या लॉर्डांच्या जॉन या लहान मुलाकडे. ज्येष्ठाधिकाराचा नियम असा की थोरल्या मुलाची संपूर्ण शाखा आधी, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. थोरला मुलगा वारला म्हणून हक्क दुसऱ्या मुलाकडे सरकत नाही. मृताच्या जागी त्याची संतती उभी राहते. आपल्याकडे थोरली पाती आणि धाकटी पाती म्हणतात तशीच ही मांडणी आहे. फरक इतकाच की आपल्याकडे वतनाच्या तक्षिमा, म्हणजे वाटण्या, पडत आणि वडीलपणाचा मान थोरल्याकडे राही. स्कॉटिश किताबाची तक्षीम पडतच नाही, तो पूर्णपणे एकाकडेच जातो.

या हिशेबाने माउंटस्टुअर्टांच्या आधी कोण कोण होते ते पाहू. बालक जॉन यांच्यानंतर दुसरे बंधू चार्ल्स. ते नौदलात ॲडमिरल झाले, आणि आजी क्लेमेंटिना यांच्या इस्टेटीमुळे त्यांनी फ्लीमिंग हे आडनाव जोडले. त्यांचा पुत्र जॉन १८१९ साली जन्मला, म्हणजे ज्या वर्षी माउंटस्टुअर्ट मुंबईचे गव्हर्नर झाले त्याच वर्षी. तिसरे बंधू जेम्स यांची पुरुषशाखा पुढे चालली नाही. माउंटस्टुअर्ट १८२७ साली भारतातून परतले होते. ते अविवाहित राहिले, गव्हर्नर जनरलपद त्यांनी नाकारले आणि २० नोव्हेंबर १८५९ रोजी सरे परगण्यात त्यांचे निधन झाले. त्या दिवशी त्यांच्या आधीच्या क्रमावर दोघे हयात होते : १३वे लॉर्ड आणि चार्ल्स यांचे पुत्र जॉन. ते आणखी आठ महिने जगले असते तरी ते लॉर्ड झाले नसते, हे मी ठामपणे सांगतो, कारण ‘काका आठ महिने आधी गेले म्हणून किताब हुकला’ असे विधान काही ठिकाणी वाचायला मिळते आणि ते साफ चुकीचे आहे.

१३वे लॉर्ड जॉन १८३७ ते १८४२ या काळात मद्रासचे आणि डिसेंबर १८५३ पासून मे १८६० पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. १८५७चा उठाव त्यांच्याच कारकिर्दीत झाला, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचे ते पहिले कुलपती होते. त्यांच्या किताबाबद्दल एक गुंता नीट उलगडायला हवा. १७०७ साली स्कॉटलंड आणि इंग्लंड यांची संसद एक झाली तेव्हा सर्व स्कॉटिश सरदारांना लॉर्ड्स सभागृहात बसण्याचा हक्क मिळाला नाही. ते आपल्यातून १६ प्रतिनिधी निवडून पाठवत. म्हणजे १३वे लॉर्ड जन्माने सरदार होते, पण निवडून आल्याशिवाय त्यांना सभागृहात जागा नव्हती. मे १८५९ मध्ये त्यांना युनायटेड किंगडमचा ‘बॅरन एल्फिन्स्टन’ हा आणखी एक किताब देण्यात आला आणि त्यामुळे जागा आपोआप मिळाली. एका माणसाकडे एकाच नावाचे दोन किताब आले : १५१० चा स्कॉटिश आणि १८५९ चा ब्रिटिश.

मुंबईहून परतल्यावर १९ जुलै १८६० रोजी ते अविवाहित वारले आणि या दोन किताबांच्या वाटा तिथल्या तिथे वेगळ्या झाल्या. १८५९ चा किताब त्यांच्या स्वतःच्या पुरुषसंततीसाठी होता. संतती नव्हती, म्हणून तो चौदा महिन्यांत संपला. १५१० चा किताब पहिल्या लॉर्डांच्या सर्व पुरुषवंशजांसाठी होता, म्हणून तो मागे वळला, चार्ल्स यांच्या शाखेवर गेला आणि जॉन एल्फिन्स्टन-फ्लीमिंग १४वे लॉर्ड झाले. ते जानेवारी १८६१ मध्ये, सहा महिन्यांच्या आत, अविवाहितच वारले. चार्ल्स यांची पुरुषशाखा संपली. जेम्स आणि माउंटस्टुअर्ट यांच्याही पुरुषशाखा उरल्या नव्हत्या, म्हणून किताब आणखी मागे वळला, १०व्या लॉर्डांचे पुत्र आणि कंपनीचे संचालक विल्यम यांच्या शाखेवर गेला आणि त्यांचे नातू विल्यम १५वे लॉर्ड झाले. माउंटस्टुअर्ट १४व्या लॉर्डांच्या मागे हयात असते, तर मात्र याच ठिकाणी ११व्या लॉर्डांचे पुत्र म्हणून त्यांचा हक्क या विल्यम यांच्या आधी आला असता.

१४व्या लॉर्डांच्या बहिणींचा उल्लेख वंशावळीत एका ओळीत उरकला जातो, त्याचे मला नेहमी वाईट वाटते. त्यांची एक बहीण क्लेमेंटिना म्हणजे लेडी हॉवर्डन, छायाचित्रणकलेच्या आरंभकाळातील अतिशय मोलाची कलावंत. आपल्या मुलींची तिने घरातल्या उजेडात टिपलेली छायाचित्रे आज कलेच्या इतिहासात मानाने अभ्यासली जातात. दुसऱ्या बहिणीचे, ॲन यांचे, पुत्र रॉबर्ट कनिंगहॅम ग्रॅहम हे स्कॉटिश मजूर चळवळीच्या संस्थापकांपैकी एक. मृताच्या सर्वांत जवळच्या रक्ताच्या या बहिणी हयात होत्या, पण किताब त्यांना ओलांडून दूरच्या चुलतभावाकडे गेला. वंशावळीत फक्त धारकांची नावे लिहिली तर घराण्याचा निम्मा इतिहास गळतो. म्हणून प्रत्येक धारकाच्या मुली, बहिणी आणि त्यांची घरे लिहिण्याचा आग्रह मी धरतो.

स्त्रीकडे किताब जाऊच शकत नाही असा मात्र याचा अर्थ नाही, आणि त्याचे उदाहरणही याच घराण्यात आहे. ॲडमिरल जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन यांना पहिल्या विवाहापासून मार्गारेट ही एकच मुलगी होती. त्यांना १७९७ साली आयर्लंडच्या आणि १८०३ साली युनायटेड किंगडमच्या सरदारवर्गात बॅरन कीथ हा किताब मिळाला, तेव्हा दोन्ही सनदांत विशेष तरतूद घातली गेली : पुत्र नसल्यास किताब या मुलीकडे आणि तिच्या पुरुषसंततीकडे जावा. १८१४ साली मिळालेल्या व्हायकाउंटपदात ही तरतूद नव्हती. १८२३ साली ॲडमिरल वारले तेव्हा व्हायकाउंटपद त्यांच्याबरोबर संपले आणि मार्गारेट बॅरनेस कीथ झाल्या. त्यांनी नेपोलियनच्या सैन्यातील सेनानी कोंत द फ्लाओ यांच्याशी विवाह केला होता आणि त्यांना मुलीच झाल्या, म्हणून १८६७ साली त्यांच्या निधनानंतर कीथ किताबही संपले. मार्गारेट यांच्या आईकडून मात्र नेर्न हा जुना स्कॉटिश लॉर्डपदाचा हक्क येत होता, आणि तो स्त्रीद्वारे जाऊ शकत होता. १८७४ साली मार्गारेट यांची मुलगी एमिली, म्हणजे लॅन्सडाउनच्या मार्क्विसबाई, यांचा नेर्नवरील हक्क मान्य झाला. १८८८ ते १८९४ या काळात भारताचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड लॅन्सडाउन हे या एमिली यांचे पुत्र. एकाच मुलीच्या बाबतीत एक किताब सनदेच्या शब्दांनी मिळाला, दुसरा सनदेच्या शब्दांनी हुकला आणि तिसरा जुन्या वंशक्रमाने तिच्या लेकीपर्यंत पोहोचला. सनद मुळातून वाचल्याशिवाय ‘स्कॉटलंडमध्ये मुलीला वारसा मिळतो’ किंवा ‘मिळत नाही’ असे सरसकट विधान करू नये, ते याचसाठी.

मराठी वाचकाच्या मनात येथे दत्तकाचा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. साताऱ्याचे राज्य १८४८ साली दत्तक नामंजूर करून कंपनीने घेतले, त्याला तेव्हा जेमतेम १२ वर्षे झाली होती. मग १३व्या लॉर्डांना कोणी दत्तक का घेता आला नाही? ब्रिटनच्या कायद्यात सरदारकीचा किताब दत्तक पुत्राकडे जातच नाही. २००४ साली दत्तक मुलांना सरदारपुत्राची सौजन्याची उपाधी वापरण्याची मुभा मिळाली, पण वारसा आजही मिळत नाही. उलट स्कॉटिश कायद्याची एक उदार बाजू अशी की आईवडिलांनी मुलाच्या जन्मानंतर विवाह केला तर ते मूल औरस ठरून स्कॉटिश किताबाचे वारस होऊ शकते. इंग्लिश किताबाच्या बाबतीत तसे होत नाही. त्यामुळे स्कॉटिश वंशावळीत विवाहाची तारीख मुलाच्या जन्मानंतरची दिसली तरी त्या मुलाला घाईने वगळू नये.

१५वे लॉर्ड विल्यम हे आधी प्रतिनिधी म्हणून निवडून येत आणि १८८५ साली त्यांनाही युनायटेड किंगडमचे बॅरन एल्फिन्स्टन करण्यात आले. हा १८५९ चा संपलेला किताब पुन्हा जिवंत केलेला नव्हे, ही नवी निर्मिती आहे. परिणामी ‘पहिले बॅरन एल्फिन्स्टन’ असे वर्णन लागू होणारे दोन वेगळे पुरुष आहेत : १३वे लॉर्ड आणि १५वे लॉर्ड. संदर्भग्रंथांच्या सूचींत मी सर्वांत जास्त चुका याच जागी पाहिल्या आहेत, म्हणून क्रमांकाबरोबर निर्मितीचे वर्ष लिहिण्याची शिस्त पाळावी.

पुढचा वंशक्रम लवकर सांगता येतो. १६वे लॉर्ड सिडनी यांनी १९१० साली लेडी मेरी बोझ-लायन यांच्याशी विवाह केला. दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या आईच्या त्या थोरल्या बहीण. त्यांचे पुत्र जॉन दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या हाती सापडले आणि राजघराण्याचे नातलग म्हणून कोल्डिट्झ किल्ल्यात खास कैद्यांमध्ये ठेवले गेले. त्या काळच्या कागदांत त्यांचे नाव ‘मास्टर ऑफ एल्फिन्स्टन’ असे येते, कारण स्कॉटिश लॉर्डांच्या वारसाला मास्टर म्हणतात. ते १७वे लॉर्ड झाले आणि १९७५ साली अविवाहित वारले. धाकटे बंधू अँड्र्यू त्याच वर्षी त्यांच्या आधी गेले होते, म्हणून त्यांच्या जागी त्यांचा पुत्र जेम्स उभा राहिला आणि १८वा लॉर्ड झाला. १८१३ साली जो नियम लागला तोच येथे. १९९४ साली वारसा मिळालेल्या १९व्या लॉर्डांचे नाव अलेक्झांडर माउंटस्टुअर्ट असे आहे.

आपल्याकडच्या कागदांत आणि ठिकाणांत कोणता एल्फिन्स्टन आहे हे ओळखायचे तर आधी साल पाहावे आणि मग नावापुढची उपाधी. माउंटस्टुअर्टांच्या १८४१च्या भारताच्या इतिहासग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्यांच्या नावाआधी ‘ऑनरेबल’ असे छापले आहे. लॉर्डांच्या धाकट्या पुत्राची ही सौजन्याची उपाधी, तिने सरदारपद येत नाही. ‘लॉर्ड’ या शब्दानंतर वैयक्तिक नाव न येता थेट ‘एल्फिन्स्टन’ आले तर तो किताबधारक, म्हणजे मुंबईच्या बाबतीत १८५३ नंतरचा. ‘लॉर्ड माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन’ ही रचना मात्र कोणत्याही नियमाने शक्य नाही, कारण वैयक्तिक नावाआधी लॉर्ड लावण्याचा मान ड्यूक आणि मार्क्विस यांच्या धाकट्या पुत्रांचा आहे, साध्या लॉर्डांच्या पुत्रांचा नाही. एल्फिन्स्टन कॉलेज हे माउंटस्टुअर्टांच्या नावाचे. माउंटस्टुअर्ट १८२७ साली मुंबई सोडून निघाले तेव्हा मुंबईकरांनी जमवलेल्या वर्गणीतून त्याची सुरुवात झाली. आजचे हॉर्निमन सर्कल, म्हणजे पूर्वीचे एल्फिन्स्टन सर्कल, आणि २०१८ साली प्रभादेवी झालेले एल्फिन्स्टन रोड स्थानक ही १३व्या लॉर्डांच्या नावाची. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये काका आणि पुतण्या या दोघांचेही पुतळे आहेत. माउंटस्टुअर्टांचा पुतळा शिल्पकार चँट्री यांचा. तिथे गेलात तर पायथ्यावरचे नाव आणि उपाधी अक्षर न अक्षर वाचून घ्या. वर सांगितलेला भेद तिथे दगडातच कोरलेला आहे.